नागीण भाऊबीजेपर्यंत थांबत नाही

वसुबारसेच्या आदल्या दिवशी माझ्या मावशीच्या डाव्या बरगडीखाली दुखू लागले. घरात फराळाची गडबड चालू होती. चकल्यांची भाजणी दळून आली होती, माळ्यावरचे डबे खाली उतरले होते. त्या चढउतारात कुठे तरी उसण भरली असेल असे सगळ्यांनी धरून चालले. मावशीने बाम चोळला आणि ती पुन्हा सोऱ्या घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी तिला पाठीकडून छातीकडे वळलेला एक लालसर पट्टा दिसला. संध्याकाळपर्यंत त्यावर पाणीदार फोडांचे घोस उठले.

शेजारच्या काकूंनी पाहताक्षणीच निदान केले. “अहो, ही तर नागीण! हिचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळू देऊ नका हं!”

काकूंचे निदान अगदी बरोबर होते. पुढचे उपाय मात्र होते गेरूचा लेप आणि मंत्र घालणाऱ्या एका गृहस्थांचा पत्ता. मी दवाखान्यात चल म्हटले, तर मावशी म्हणाली, “अगं, सणासुदीचं दवाखान्याचं तोंड कुठं पाहायचं? पोरंबाळं घरी आली आहेत. भाऊबीज होऊन जाऊ दे, मग बघू.”

भाऊबीज झाली, पाहुणे गेले, आणि मग आम्ही दवाखान्यात गेलो. फोड उठल्याला सहा दिवस उलटले होते. डॉक्टरांनी पाठ तपासली आणि गोळ्या लिहून दिल्या. “आजी, अजून नवे फोड येताहेत म्हणून देतो आहे. पण वसुबारसेलाच आला असता, तर या गोळ्यांचा खरा उपयोग झाला असता.”

फोड तीन आठवड्यांत वाळले. वेदना मात्र मागे राहिली. पदराचा काठ लागला तरी चटका बसल्यासारखे होई. रात्री त्या कुशीवर वळता येत नसे. पुढचे गणपती आले तेव्हा कुठे मावशीला सलग झोप लागू लागली.

एखाद्या गोळीला वार आणि तिथी का पाहावी लागते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून राहिला. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते प्रत्येक घराने जाणून घ्यावे असे आहे.

बालपणीचा पाहुणा

‘नागीण’ हे नाव आपल्या लोकांनी मोठ्या मार्मिकपणे ठेवले आहे. या विषाणूंच्या कुळाला शास्त्रज्ञ ‘हर्पीज’ म्हणतात. ग्रीक भाषेतल्या ‘सरपटणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून ते नाव आले आणि आपला ‘सर्प’ हा शब्दही त्याच मुळातला. तेव्हा ग्रीक वैद्याला आणि आपल्या आजीबाईला एकच गोष्ट दिसली होती.

पण ही नागीण बाहेरून येत नाही. ती आपल्याच अंगात कित्येक वर्षे निजलेली असते. लहानपणी आपल्याला कांजिण्या येतात. आठ-पंधरा दिवसांत खपल्या पडतात, मूल शाळेत जाऊ लागते आणि घरचे ती गोष्ट विसरूनही जातात. कांजिण्यांचा विषाणू मात्र गेलेला नसतो. तो कातडीतून मज्जातंतूंच्या वाटेने आत शिरतो आणि पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या ज्या गाठी असतात, त्यांत जाऊन दडी मारतो. चाळीस-पन्नास वर्षे तो काही बोलत नाही. मग वय वाढले, आजारपण आले, अंगातली प्रतिकारशक्ती उणावली, की तो जागा होतो आणि त्याच मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा कातडीवर येतो. एका मज्जातंतूच्या हद्दीत जेवढी कातडी, तेवढाच त्याचा पट्टा. फोडांआधी दोन-चार दिवस दुखते ते याच कारणाने.

कांजिण्या आणि नागीण यांचे हे नाते उलगडायला बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुडापेस्टचे डॉक्टर यानोश बोकाय यांना दिसले, की घरात एखाद्या मोठ्या माणसाला नागीण झाली की पाठोपाठ मुलांना कांजिण्या येतात. पुढे इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर या गावी एडगर होप-सिम्पसन नावाच्या साध्या गावडॉक्टरांनी आपल्याच रोग्यांची सोळा वर्षे नोंद ठेवली. नागिणीच्या १९२ रोग्यांचा अभ्यास करून १९६५ साली त्यांनी मत मांडले, की नागीण ही नवी लागण नसून जुन्याच विषाणूची जाग आहे. मोठी प्रयोगशाळा नाही, उपकरणे नाहीत. एक वही आणि चिकाटी एवढ्यावर हे मत उभे राहिले, आणि ते खरे ठरले.

आता ‘तोंड आणि शेपूट मिळाले की माणूस दगावतो’ या समजुतीचे काय? मज्जातंतू शरीराच्या डाव्या आणि उजव्या भागाला वेगवेगळे जातात. त्यामुळे हा पट्टा बहुधा शरीराच्या मध्यरेषेपाशी येऊन थांबतो. कमरेला वेढा घालावा असा त्याचा रस्ताच नाही. क्वचित दोन्ही बाजूंना फोड आले, तरी तेवढ्याने कोणी मरत नाही. तेव्हा ज्या भीतीने आपण गेरू लावतो ती भीती खोटी. खरी भीती आहे ती वेळ जाण्याची.

चोर घरातच राहतो तेव्हा

माणसाला जडणारे हर्पीज कुळातले विषाणू मुख्यतः आठ. तापात ओठाच्या कडेला फोड आणणारा एक, गुह्यभागी फोड आणणारा त्याचा भाऊ, कांजिण्या-नागिणीचा तिसरा आणि इतर पाच. एकदा अंगात शिरले की जन्मभर मुक्काम करायचा, ही या सगळ्या कुळाचीच रीत.

यांच्यावर औषध शोधणे फार अवघड गेले. जंतू वेगळे आणि विषाणू वेगळे. जंतूंना स्वतःचा संसार असतो. पेनिसिलिन तो मोडते आणि आपल्या पेशींना धक्का लावत नाही. विषाणूला मात्र स्वतःची चूलही नसते. तो आपल्या पेशीत घुसतो आणि आपल्याच भांड्याकुंड्यांत आपला स्वयंपाक रांधतो. त्याला मारायला जावे तर आपली पेशीच मरते. म्हणून विषाणूवर निर्धोक औषध होणे शक्यच नाही, असे पुष्कळ जाणकारांना वाटत असे.

पहिला प्रयत्न डोळ्यांपुरता झाला. विल्यम प्रुसॉफ यांनी १९५९ साली तयार केलेले आयडॉक्सुरिडीन हे औषध पुढे काही वर्षांतच डोळ्याच्या बुबुळावर होणाऱ्या हर्पीजसाठी वापरात आले. पण ते पोटात द्यावे तर रोग्याच्या पेशींनाच बाधक. त्यानंतर व्हिडाराबीन आले. ते शिरेतून देता येई. तरी विष आणि औषध यांतले अंतर अजून थोडेच होते. ते अंतर वाढवले ते गर्ट्रूड एलियन या बाईंच्या प्रयोगशाळेने.

लोणच्याचा आंबटपणा तपासणारी मुलगी

एलियनबाईंचा जन्म न्यूयॉर्कचा, १९१८ सालचा. त्या पंधरा वर्षांच्या असताना आजोबा कर्करोगाने गेले आणि या मुलीने रसायनशास्त्र शिकायचे ठरवले. १९३७ साली त्या पदवीधर झाल्या, पण प्रयोगशाळेत बाईमाणसाला कोणी उभे करीना. त्यांनी शाळेत शिकवले. एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत लोणच्याचा आंबटपणा आणि अंड्याच्या बलकाचा रंग तपासण्याचे कामही केले. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले तेव्हा बायकांना दारे थोडी उघडली, आणि १९४४ साली बरोज वेलकम या औषध कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली त्यांना संशोधनाचे काम मिळाले. रात्रीच्या वर्गांना जाऊन डॉक्टरेट करण्याचा त्यांनी प्रयत्न केला. नोकरी सोडून पूर्ण वेळ या, असे विद्यापीठाने सांगितल्यावर त्यांनी नोकरी ठेवली आणि पदवी सोडली.

याच कंपनीत हॉवर्ड शेफर यांनी एक नवे रसायन घडवले होते. एलियनबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम कसे करते याचा बारकाईने माग काढला आणि १९७७ साली तो प्रसिद्ध केला. त्या रसायनाचे नाव असायक्लोव्हिर. १९८२ पासून ते रोग्यांना मिळू लागले. १९८८ साली एलियन, हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. डॉक्टरेट नसलेल्या बाईंच्या हाती ते पडले, ही गोष्ट घराघरांतल्या मुलींना आवर्जून सांगावी अशी आहे.

साखळीतली खोटी कडी

आता ही गोळी करते काय? विषाणू वाढतो म्हणजे आपल्या डीएनएच्या नकला काढतो. डीएनए ही एक लांब साखळी समजा. तिच्या कड्या चार प्रकारच्या, आणि प्रत्येक कडीला पुढची कडी अडकवण्यासाठी एक आकडा असतो. असायक्लोव्हिर दिसायला त्यांतल्याच एका कडीसारखे आहे. मात्र त्याला पुढचा आकडाच नाही. विषाणू घाईघाईने साखळी ओवीत असताना ही खोटी कडी उचलतो आणि अडकवतो. पुढची कडी लावायला जागाच उरत नाही. नक्कल अर्धवट तुटते.

मग ही खोटी कडी आपल्या निरोगी पेशींच्या साखळीत का शिरत नाही? हीच या औषधाची खरी खुबी. गोळीतले असायक्लोव्हिर जसेच्या तसे निरुपयोगी असते. त्याला तीन फॉस्फेट जोडले गेले तरच ते कामाला लागते. दुसरे आणि तिसरे फॉस्फेट आपली पेशी जोडते. पण पहिले जोडण्याचे काम विषाणूचे स्वतःचे एक विकर करते. विकर म्हणजे पेशीतली कामे उरकणारा रासायनिक कारागीर. विषाणूने आपल्याबरोबर आणलेला हा कारागीर जिथे नाही, तिथे औषध जवळजवळ निजूनच राहते. म्हणजे घरात चोर शिरला असेल तरच दिवा लागावा, आणि तोही चोराच्याच हाताने, असा हा प्रकार आहे.

या एका गोष्टीतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की हे औषध नकला काढण्याचे काम अडवते. झालेले नुकसान भरून काढत नाही. नागिणीत नकलांचा हा सपाटा सुरुवातीच्या दिवसांतच चालतो. म्हणून फोड दिसल्यापासून बहात्तर तासांच्या आत, म्हणजे तीन दिवसांत, औषध सुरू व्हावे असे डॉक्टर सांगतात. मावशीच्या हिशेबाने बोलायचे तर वसुबारसेला दिसलेल्या फोडांची मुदत लक्ष्मीपूजनाच्या आसपासच संपली होती. त्यानंतरही नवे फोड येत असतील, डोळा धोक्यात असेल किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असेल तर औषध देतात. पण पहिल्या तीन दिवसांची सर त्याला नाही.

दुसरा निष्कर्ष असा, की मज्जातंतूच्या गाठीत स्वस्थ निजलेल्या विषाणूला हे औषध काहीच करीत नाही. तो नकला काढीत नाही, मग अडवायचे काय? म्हणून नागीण बरी झाली, ओठाचे फोड गेले, तरी विषाणू मुळासकट गेला असे कोणी म्हणू नये. ज्यांना गुह्यभागी फोड वारंवार येतात त्यांना डॉक्टर काही महिने रोजची गोळी देतात. त्याने उठाव पुष्कळ कमी होतात. ते दुखणे लाजेने लपवू नये, एवढे इथे सांगितले तरी पुरे.

औषध वेळेवर घेतले असते तर मावशीची मागे राहिलेली वेदना टळलीच असती का? तसे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. वेळेवर घेतल्यास फोड लवकर वाळतात आणि त्या दिवसांतले दुखणे सौम्य होते, इतके नक्की. पण उरणारी वेदना टळेलच याची हमी हे औषध देत नाही. त्या वेदनेवर मज्जातंतू शांत करणारी औषधे निराळी असतात, आणि वय जितके अधिक तितका तिचा धोका अधिक.

दिवसातून पाच वेळा का?

असायक्लोव्हिरचा एक दोष आहे. तोंडावाटे घेतलेल्या गोळीचा जेमतेम पाचवा हिस्सा रक्तात उतरतो, आणि उतरलेले औषधही काही तासांत लघवीवाटे निघून जाते. म्हणून नागिणीसाठी मोठ्या माणसाला ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस घ्यावी लागते. घरातल्या वडीलधाऱ्यांना पाच वेळा गोळी आठवणीने देणे म्हणजे सुनेची कसोटीच! पुढे रसायनशास्त्रज्ञांनी याच औषधाला व्हॅलीन नावाच्या एका अमिनो आम्लाची जोड दिली. त्यामुळे आतडी ते आपलेच अन्न समजून भराभर आत घेतात. या व्हॅलासायक्लोव्हिरची गोळी तीनदा पुरते. फॅमसायक्लोव्हिरही तसेच. पोटात गेल्यावर काम मात्र सगळ्यांचे सारखेच. कोणते आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवायचे.

पाणी आणि मूत्रपिंड

इतके निवडक औषध म्हणजे त्याचा त्रास नाहीच, असा समज करून घेऊ नये. पुष्कळांना डोके दुखणे, मळमळ, उलटी, जुलाब किंवा चक्कर एवढेच होते आणि तेही पुष्कळदा सोसण्यासारखे असते. खरी काळजी मूत्रपिंडांची.

आमच्या ओळखीचे एक काका सत्तरीच्या पुढचे, मधुमेहाने मूत्रपिंडे थकलेली. त्यांना नागीण झाली तेव्हा घरच्यांनी मोठ्या तत्परतेने, दुसऱ्या कोणाच्या जुन्या चिठ्ठीवरून, गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी काका खोलीत नसलेल्या माणसांशी बोलू लागले; हात थरथरत होते, बायकोला ओळखेनात. घरात रडारड झाली. इस्पितळात नेल्यावर कळले, की हा मेंदूचा झटका नव्हे. थकलेल्या मूत्रपिंडांनी औषध बाहेर टाकले नाही, ते रक्तात साचले आणि मेंदूवर चढले. गोळ्या थांबवल्या, उपचार झाले आणि काही दिवसांत काका पूर्ववत झाले. वेळ पाळली होती, पण मात्रा चुकली होती.

हे औषध पाण्यात फार विरघळत नाही. विशेषतः शिरेतून भरभर दिले, किंवा रोग्याच्या अंगात पाणी कमी असले, तर मूत्रपिंडांच्या बारीक नळ्यांत त्याचे स्फटिक साचतात आणि लघवीची वाट अडते. म्हणून इस्पितळात ते सलाइनसह, तासभर सावकाश देतात. घरी गोळ्या चालू असताना भरपूर पाणी प्यावे; ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे बंधन आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून. डॉक्टरांना तीन गोष्टी आपण होऊन सांगाव्यात: मूत्रपिंडाचा काही विकार आहे का, सांधेदुखीच्या किंवा इतर कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि रोगी स्त्री असेल तर ती गरोदर किंवा अंगावर पाजणारी आहे का. लघवी कमी झाली, बोलणे असंबद्ध झाले, भास होऊ लागले किंवा अंगावर पित्त उठून सूज आली, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना कळवावे.

याच कुळातल्या सायटोमेगॅलो नावाच्या विषाणूसाठी गॅन्सायक्लोव्हिर असते. अवयव बदललेल्या किंवा प्रतिकारशक्ती खचलेल्या रोग्यांना ते लागते, आणि ते हाडांच्या मगजावर परिणाम करून रक्तातल्या पेशी घटवते. असायक्लोव्हिरला न जुमानणाऱ्या विषाणूवर फॉस्कार्नेट वापरतात. ते मूत्रपिंडांना अधिक जड आणि रक्तातल्या कॅल्शियमचे प्रमाण ढळवणारे. ही इस्पितळातलीच औषधे. त्यांच्या तोडीस ठेवून पाहिले म्हणजे एलियनबाईंच्या गोळीचे सौम्यपण ध्यानात येते.

जेथे एक दिवसही दवडू नये

काही ठिकाणी तीन दिवसांचीही सवड नाही. नागीण कपाळावर किंवा पापणीवर आली, आणि विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला, तर डोळ्याला धोका आहे असे समजून त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. कानात फोड येऊन तोंड एका बाजूला वाकडे झाले तरीही तसेच.

सर्वांत भयंकर म्हणजे ओठावर फोड आणणाऱ्या विषाणूने क्वचित मेंदूला केलेली सूज. ताप, विलक्षण वागणे, आकडी ही तिची लक्षणे. उपचाराविना अशा दहा रोग्यांतले सुमारे सात दगावतात. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत जुने व्हिडाराबीन दिलेल्यांत शेकडा ५४ दगावले, तर असायक्लोव्हिर दिलेल्यांत शेकडा २८. म्हणूनच नुसता संशय आला तरी डॉक्टर तपासणीच्या निकालाची वाट न पाहता ते शिरेतून सुरू करतात.

कांजिण्यांचे म्हणाल, तर धडधाकट लहान मुलांना बहुधा या औषधाची गरज लागत नाही. मोठ्या माणसांना मात्र त्या जड जातात; त्यांनी पहिल्याच दिवशी दाखवावे. आणि मुलाला कांजिण्यांत अॅस्पिरिन कदापि देऊ नये. त्याने यकृत आणि मेंदू यांना क्वचित जीवघेणी इजा होते.

नागीण झालेल्या माणसापासून दुसऱ्याला नागीण होत नाही. पण ज्याला कांजिण्या आलेल्या नाहीत त्याला फोडांतल्या पाण्यामुळे कांजिण्या येऊ शकतात. म्हणून फोड झाकून ठेवावेत आणि खपल्या धरेपर्यंत तान्ह्या बाळांना आणि कांजिण्या न आलेल्या गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे.

आणि आता तर नागीण उठूच नये अशी सोयही झाली आहे. विषाणूच्या अंगावरचे एक प्रथिन तेवढे घेऊन बनवलेली लस अमेरिकेत २०१७ पासून आणि भारतात २०२३ पासून मिळू लागली. पन्नाशी ओलांडलेल्यांना दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिचे दोन डोस देतात. चाचण्यांत तिने शंभरांतल्या नव्वदांहून अधिक नागिणी टाळल्या. हात दुखतो, एखादा दिवस कणकण येते, आणि किंमतही बरीच आहे. पण मावशीचे ते दहा महिने मी पाहिले आहेत. त्यामुळे घरच्या ज्येष्ठांसाठी डॉक्टरांशी याविषयी बोलावे असे मला मनापासून वाटते.

यंदा मावशीने फराळाला सुरुवात केली तेव्हा मी तिच्याकडे होते. शेजारच्या त्याच काकू लाडू वळायला आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, “आमच्या नणंदबाईंच्या पाठीवर परवा नागीण उठली.” मावशीच्या हातातला लाडू तसाच राहिला.

“दवाखान्यात नेलं का?”

“नेऊ की. दिवाळी झाली की—”

“आजच न्या,” मावशी म्हणाली. “लाडू मी वळते. आणि जाताना त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पुरचुंडी बरोबर घ्या, डॉक्टरांना दाखवायला.”

काकू हात धुऊन तशाच उठल्या.